पासवर्ड विसरलात?

विनिपेग, उणे एकतीस.
वाचनालय दहाला उघडतं. आम्ही साडेनऊपासून दाराशी,
पाय आपटत, एकमेकांशी न बोलता.
घाई तशी कुणालाच नसते. पण यंत्रं सहाच,
आणि माणशी एक तास.

ओरेस्टला चार नंबरच लागतो,
ज्याची खुर्ची भिंतीला टेकलेली.
चौऱ्याण्णव साली त्याने डॉक्टरांना सांगितलं होतं,
कुणीतरी माझी टिपणं काढतंय,
काय खातो, काय विकत घेतो, कुठल्या दुकानापाशी थांबतो, सगळं.
त्याबद्दल अकरा महिने आत.
आता पडदा उजळला की तीच गोष्ट
यंत्र आपणहून कबूल करतं, अगदी अदबीनं,
आणि खाली विचारतं, चालेल ना?
ओरेस्ट ‘चालेल’ दाबतो
आणि माझ्याकडे बघून एक भुवई उचलतो.
या एका विनोदावर आम्ही दोन हिवाळे काढलेत.

माझा हात लिथियमने थरथरतो,
म्हणून पडद्यावरचा बाणही.
एकदा दाबायचं तिथे तीनदा दाबलं जातं.
मागे एकदा मी तीन बाथटब मागवणार होते.
खात्यात पैसे नव्हते म्हणून वाचले.
काउंटरवरची मारिव्हिक त्या दिवशी हसून हसून खाली बसली,
आणि मी पण.
तास संपला की आम्हाला उठवायचं, हे तिचं काम.
मंगळवारी तिला घड्याळ दिसत नाही.

मंगळवार ओरेस्टच्या फॉर्मचा.
भत्त्याचा फॉर्म पूर्वी कागदी होता,
एक खिडकी होती, खिडकीत खोकणारी बाई होती,
ती त्याला नावानं ओळखायची, वैतागायची.
आता खिडकीवर फळी, फळीवर पत्ता,
पत्त्याच्या सुरुवातीला तीन डब्ल्यू.

आणि ओरेस्टला पासवर्ड आठवत नाही.
वहीत लिहून ठेव की, मी म्हटलं.
लिहिलेलं ते वाचतात, म्हणाला.
मग पाठ कर.
पाठ केलेलं तर लिहायच्या आधीच वाचतात.

मग तो ती निळी ओळ दाबतो, पासवर्ड विसरलात?
आणि यंत्र विचारतं,
तुमच्या पहिल्या कुत्र्याचं नाव काय?

तीस वर्षांत लोकांनी त्याला पुष्कळ विचारलंय.
झोप लागते का. आवाज दिवसातून किती वेळा.
आज वार कोणता. शंभरातून सात सात वजा करत या.
जीव द्यावासा वाटतो का, एक ते दहा.
कुत्र्याचं कुणी नाही.

एका बोटानं, अक्षर अक्षर हुडकत,
तो लिहितो: बुब्लिक.
बुब्लिक म्हणजे खसखस लावलेला कड्यासारखा पाव, शेपटी तशी वळलेली असायची म्हणून.
डॉफिनजवळच्या शेतावरचा. एक कान कुरतडलेला.
ओरेस्टला न्यायला गाडी आली
तेव्हा तिच्यामागे पुलापर्यंत धावला.
हे मला तो कुजबुजत सांगतो, पडद्यावरची नजर न काढता,
प्रत्येक मंगळवारी पहिल्यांदाच सांगितल्यासारखं.

बरोबर, म्हणतं यंत्र.
तो शब्द ओरेस्ट बराच वेळ वाचतो.

गेल्या आठवड्यात त्याचा कोट खुर्चीवरून घसरला
आणि खिशातली वही माझ्या पायाशी उघडी पडली.
पानभर पासवर्ड.
प्रत्येक मंगळवारचा, तारखेसकट, सुवाच्य,
आधीचे सगळे नीट खोडलेले,
शेवटच्याखाली दोन रेघा.

मी वही मिटली, कोटाच्या खिशात सरकवली.
त्याने पाहिलं. भुवई उचलली नाही.
यंत्राकडे वळला आणि निळी ओळ दाबली.

मीही माझ्या पडद्याकडे वळले,
थंडर बेचं हवामान बघत बसले. तिथे माझा मुलगा असतो.
उणे सव्वीस, वारा नाही.
आमच्यापेक्षा बरं.